मदत हवी आहे: ‘बर्क’ करणे म्हणजे नेमकं काय?

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं. त्याच सुमाराच्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करतोय. त्यात ‘चौकशी बर्क केली’ असं आहे. कोशात दोन अर्थ मिळाले: अंगावर खूण न ठेवता गुदमरवून मारणं आणि प्रकरण दडपणं. मूळही कळलं. एडिंबरोत १८२८ मध्ये विल्यम बर्क आणि हेअर माणसं मारून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकत. बर्क १८२९ ला फासावर गेला. (वक्ता एडमंड बर्क वेगळा, तो नको!) तळटीप देता येणार नाही. त्या काळचं इंग्रजी वाचलेल्यांनी सांगा, दहाच वर्षांत खुनाचा संदर्भ पुसून नुसतं ‘दडपली’ उरलं होतं, की ‘चौकशीचा गळा घोटला’ लिहू?