जुन्या गेम बॉयला लाइटवाला स्क्रीन बसवावा का?

धरमपेठकर:
मामांनी १९९२ साली मस्कतहून आणलेला राखाडी गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडला. चार पेन्सिल सेल टाकले आणि चक्क सुरू झाला! लेक म्हणते, बाबा, याला लाइटवाला स्क्रीन बसवून घेऊ. माझा ठाम विरोध आहे. तो हिरवट, मंद स्क्रीन १९८९ मध्ये निन्टेन्डोचे डिझायनर गुनपेई योकोई यांनी विचार करून निवडला होता. जुनं, स्वस्त झालेलं, पक्कं तंत्रज्ञान घ्यायचं आणि नव्या कामाला लावायचं, ही त्यांची रीत. म्हणून चार सेलवर पंधरा तास सहज निघायचे. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगा या दुसऱ्या कंपनीच्या गेम गिअरला रंग होते, लाइट होता, पण सहा सेल चार-पाच तासांत संपायचे. स्क्रीन बदलला तर योकोईंचं कामच पुसलं जाईल.

बर्डीवाली:
अजिबात पटलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर चालू. त्या अंधारात मी आणि माझा भाऊ दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात गेम बॉय धरून बसायचो. पट्टा सरकला की आम्हीही सरकायचो. आणि निन्टेन्डोनेच १९९८ मध्ये जपानात गेम बॉय लाइट काढला ना? दोन सेल, आणि लाइट लावूनही बारा-एक तास. परवडायला लागल्यावर कंपनीने स्वतःच लाइट दिला, मग आपण का नाही द्यायचा?

टेट्रिसप्रेमी:
स्क्रीनला एवढं श्रेय देऊ नका. अमेरिकेत गेम बॉयच्या डब्यातच टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ मिळायचा, म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत सगळे खेळले. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांवर विकले गेले, ते खेळांमुळे. खेळ नीट दिसू द्या.

सोल्डरवाला:
धरमपेठकर भाऊ, तुम्ही बरोबर बोलून राहिले. मी असे सेट दुरुस्त करतो. स्क्रीनवर उभी रेघ गायब झाली की लोक काचच फेकतात. बहुतेक वेळा काच चांगली असते, खालच्या रिबनचा जोड सुटलेला असतो. त्यावरून गरम इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, हलक्या हाताने फिरवली की रेघ परत येते. नव्या स्क्रीनच्या काही किटसाठी आतलं प्लास्टिक कापावं लागते. कापलेलं परत जुळत नाही. आणि खेळून झालं की सेल काढून ठेवा, गळले तर पट्ट्या खाऊन टाकतात.

धरमपेठकर:
बर्डीवाली ताई, गेम बॉय लाइटचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो कंपनीने दिलेला वेगळा सेट होता, जुना कापून केलेला नव्हता. काल सकाळी गच्चीवर उन्हात धरून बघितला. टेट्रिसच्या प्रत्येक ठोकळ्याची बारीक सावली मागच्या हिरव्या पत्र्यावर पडते, कागदावर ठेवल्यासारखे दिसतात ठोकळे. लाइटवाल्या स्क्रीनमध्ये ती सावली नाही. रविवारी लेकीला तिथेच बसवून खेळायला देतो.

बर्डीवाली:
द्या. आणि त्याच दिवशी रात्री नऊ वाजताही द्या. मग तिलाच विचारा.