उपासनेच्या गीतांचे चार भाग बँडला जसेच्या तसे द्यावेत का?

युफोनियम

आमच्या चर्चचा बँड लहान आहे. दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, एक ट्रॉम्बोन आणि माझं युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं पितळी वाद्य. गीतपुस्तकात प्रत्येक गीत चार आवाजांसाठी छापलेलं असतं: सर्वांत वर सोप्रानो, मग आल्टो, टेनर आणि सर्वांत खाली बास. इतकी वर्षं आमची रीत ठरलेली होती. गीतपुस्तक उघडायचं, सोप्रानोची ओळ ट्रम्पेटला, आल्टोची क्लॅरिनेटला, टेनरची ट्रॉम्बोनला आणि सॅक्सोफोनला, बास मला. प्रत्येकाच्या वाद्याच्या पट्टीत उतरवून दिलं की काम झालं. गेले काही महिने मी हे सोडून प्रत्येक गीत वाद्यांसाठी नव्याने लिहायला लागलोय. त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत असं की चार ओळी चार वाद्यांना वाटून देणं ही फक्त नक्कल झाली. त्या ओळी माणसाच्या गळ्यासाठी लिहिल्या आहेत. आल्टो गाणारीला मधला एफ, जी, ए फ्लॅट अगदी घरचे वाटतात. तेच सूर बी फ्लॅट क्लॅरिनेटवर नेमके त्या भागात येतात जिथे बहुतेक भोकं उघडी असतात आणि आवाज सर्वांत पोकळ निघतो. त्याच्या लगेच वरचा सूर घ्यायचा तर सगळी बोटं एकदम झाकावी लागतात. गाणारीला जी ओळ सर्वांत सोपी, तीच वाजवणाऱ्याला त्रासाची.

दुसरा मुद्दा ओठांचा. गाणाऱ्याने श्वास घेतला की त्याचं भागतं. ट्रम्पेटवाल्याला नुसता श्वास पुरत नाही, माउथपीस काही वेळ ओठांवरून खाली यावं लागतं. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ या जुन्या स्तुतिगीताची चाल चार ओळींची. चार कडवी म्हणजे सोळा ओळी, आणि मध्ये एकही मोकळा बार, म्हणजे विश्रांतीचं आवर्तन, नाही. तिसऱ्या कडव्यात सूर खाली ओघळायला लागतो, आणि ज्या शेवटच्या कडव्यात स्तुती सर्वांत उंच जायला हवी ते सर्वांत थकलेलं निघतं. छापील पानाशी प्रामाणिक राहण्याच्या नावाखाली आपण हे ऐकवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आल्टो, दुसरी रांग

मला हे पटत नाही. चार भागांची मांडणी हा कच्चा माल नव्हे, ती पूर्ण झालेली रचना आहे. आल्टोची ओळ कुठे थांबते, टेनर कुठे वर सरकतो, हे कुणीतरी शब्द समोर ठेवून ठरवलेलं असतं. जर्मन संगीतकार बाखच्या कोरालांचा, म्हणजे चार भागांत मांडलेल्या चर्चगीतांचा, जो संग्रह त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला त्यात ३७१ मांडण्या आहेत, आणि आजही हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची मांडणी, शिकणारा त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. अशा ओळींत ‘वाद्याला बरं पडावं’ म्हणून हात घालायचा?

आणि हे वाद्यांवर होत नाही असंही नाही. जर्मनीतल्या चर्चमधले पोझाउनेनकोर, म्हणजे पितळी वाद्यांचे वृंद, चार भागांचे कोरालच वाजवत आले आहेत. योहानेस कूलो (१८५६–१९४१) यांनी तर तिथल्या वादकांना प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीत वाचायची सवय लावली, ती अशासाठी की गाणारे आणि वाजवणारे एकाच पुस्तकातून, एकाच पानावरून उपासना करतील. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. बँडसाठी वेगळा कागद आला की मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले लोक, आणि बँड यांच्यात पहिली भिंत उभी राहते.

युफोनियम

कूलोंचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूनेही बोलतं. तिथे चारही भाग पितळी वाद्यांवर आहेत, सगळ्यांचा आवाज एका जातीचा. त्यामुळे ओळी एकमेकींत मिसळतात. आमच्याकडे टेनरची ओळ सॅक्सोफोनवर गेली की ती मधली ओळ राहतच नाही, सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहते. मग तुम्ही म्हणता ती रचना ऐकू तरी येते का?

साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेचा पहिला बँड १८७८ मध्ये इंग्लंडच्या सॉल्झबरी शहरात झाला. चार्ल्स फ्राय आणि त्यांचे तीन मुलगे, चौघांची चार पितळी वाद्यं, आणि गाणं रस्त्यावर. उघड्यावर चार माणसांनी काय वाजवावं आणि छताखाली सात निरनिराळ्या वाद्यांनी काय वाजवावं, याचं उत्तर एकच कसं असेल?

क्लॅरिनेट

दोघांच्याही बोलण्यात पट्टीचा प्रश्न मागे पडलाय, आणि रोजचा त्रास खरा तोच आहे. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ बऱ्याच पुस्तकांत जी मेजरमध्ये असते. आमची वाद्यं लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतात, म्हणून माझ्या आणि ट्रम्पेटच्या कागदावर ती ए मेजर होते, तीन शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढवलेले तीन सूर. आल्टो सॅक्सोफोनला ई मेजर, चार शार्प. गीत डी मेजरमध्ये असेल तर सॅक्सोफोनवाल्याच्या नशिबी पाच शार्पचा बी मेजर. नवशिक्या पोराला हा कागद दिला की तो सुरांकडे बघतच नाही, शार्प मोजत बसतो.

तेच गीत जीऐवजी एफमध्ये घ्या. आम्हाला एक शार्प, सॅक्सोफोनला दोन. शिवाय शेवटच्या ओळीची सुरुवात, जिथे चाल सर्वांत वर जाते, डीवरून सीवर येते. सकाळच्या उपासनेत ज्यांचा गळा अजून उघडलेला नसतो त्यांना हा एक सूर फार मोठा दिलासा देतो. ही सवलत बँडवाल्यांनी शोधून काढलेली नाही. १९०६ च्या ‘द इंग्लिश हिम्नल’ या गीतपुस्तकाचं संगीत इंग्लिश संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स यांनी संपादित केलं, तेव्हा सर्वसामान्य मंडळींना गाता यावं म्हणून त्यांनी चाली मुद्दाम खालच्या पट्टीत ठेवल्या होत्या.

जाता जाता एक. पाइप ऑर्गनसोबत वाजवत असाल तर आधी खोलीच्या तापमानाकडे बघा. एक अंश सेल्सिअसला नळ्यांचा सूर साधारण ३ सेंट चढतो (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). दहा अंशांचा फरक पडला तर जवळपास एक-तृतीयांश अर्धस्वराची तफावत. मांडणी कितीही चांगली असली तरी ती तिथेच कोसळते.

मागचं बाक

मी वादक नाही, गायनवृंदातही नाही. मागच्या बाकावर बसून गाते. शार्प-फ्लॅट मला कळत नाहीत, पण माझं ऐका.

वडिलांच्या अंत्यविधीला ‘अबाइड विथ मी’ ठेवलं होतं. त्यांचं आवडतं गीत. बँडने सुरुवातीला नवीन काहीतरी वाजवलं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण त्यात आमची चाल कुठेच नव्हती, आणि ते जिथे थांबलं तिथून पहिला सूर कसा धरायचा तेच कळेना. पुढच्या दोन रांगांनी सुरू केलं, आम्ही अर्ध्या ओळीनंतर शिरलो. मग शेवटच्या कडव्याआधी पट्टी वर चढवली, आणि रडून गळा दाटलेली माणसं गप्प झाली. माझ्या आईच्या तोंडून त्या कडव्याचा एक शब्द निघाला नाही. ते कडवं तिला गायचं होतं. दुसरी संधी येणार नव्हती.

तुम्ही नव्याने लिहा किंवा जुनं वाजवा. आम्हाला आत कुठून शिरायचं ते स्पष्ट सांगा, आणि आमच्या गळ्याला झेपेल तिथे थांबा.

युफोनियम

ताई, हे वाचून मी माझी तीन गीतं पुन्हा उघडली. त्यातल्या दोन प्रस्तावना अशाच आहेत. छान वाजतात, पण त्यातून चाल कळत नाही. त्या काढतोय. प्रस्तावना म्हणजे गीताची शेवटची ओळ, ज्या लयीत गायचं त्याच लयीत, आणि शेवटी मूळ स्वरावर पूर्ण थांबा. ‘अबाइड विथ मी’ची विल्यम हेन्री मंक यांची १८६१ ची चाल पट्टीच्या तिसऱ्या सुरावर सुरू होते, मूळ सुरावर नाही. म्हणून तिथे प्रस्तावना जरा जरी अधांतरी सोडली तरी लोकांचा हात सुटणारच. मला हे आधी सुचायला हवं होतं.

पट्टी चढवण्याबद्दलही तुमचं म्हणणं मान्य. शेवटच्या कडव्यात जोर हवा असेल तर तो बासमधून आणता येतो. ट्यूबा मिळाला तर तो युफोनियमखाली एक सप्तक खालून तीच ओळ धरतो, ऑर्गनवर पायांनी १६ फुटी नळी वाजवावी तसा. गाणाऱ्याला एकही सूर वर जावं लागत नाही आणि पायाखालची जमीन रुंद होते.

पण नव्याने लिहिणं मी सोडणार नाही. माझी सध्याची आखणी अशी: पहिलं कडवं सगळे, छापील हार्मनी. दुसऱ्यात फक्त क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन, ट्रम्पेटचे ओठ मोकळे. तिसरं कडवं वाद्यांविना, नुसती माणसं. चौथ्यात एक ट्रम्पेट चालीसोबत आणि दुसरा तिच्यावर वेगळी ओळ घेऊन. १९५३ च्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्याभिषेकात वॉन विल्यम्स यांनी ‘ओल्ड हंड्रेड्थ’ मांडली तेव्हा ट्रम्पेट होते, पूर्ण ऑर्केस्ट्रा होता, आणि सोबत सगळी मंडळीही गात होती. एवढं लेखन असूनही चाल कुणाच्या हातून निसटत नाही, याचं ते चांगलं उदाहरण आहे.

तालवाला

ड्रमबद्दल कुणी बोललं नाही. ‘अमेझिंग ग्रेस’सारखी तीन मात्रांची चाल आम्ही चारमध्ये घेतो. तरुण मुलं लगेच उभी राहतात. बँड म्हटल्यावर एवढं स्वातंत्र्य नको का?

आल्टो, दुसरी रांग

तीनचं चार केल्यावर काय होतं ते मोजून बघा. तीन मात्रांत वजनदार अक्षराला दोन मात्रा आणि हलक्याला एक मिळते, बोलण्याचं डुलणं तसंच राहतं. चारमध्ये ती जास्तीची मात्रा आधीच लांब असलेल्या अक्षरावर चढते, ओळ लांबते आणि ओळीच्या मध्येच श्वास तुटतो. मुलं उभी राहतात हे खरं, पण गातात किती आणि टाळ्या वाजवतात किती, तेही पाहा. तीन मात्रांवरही ब्रशने हलका ताल धरता येतो. तसा धरा, मी आनंदाने त्यावर गाईन.

आता युफोनियम, तुमच्याकडे येते. वाद्यांविना तिसरं कडवं ठेवलंत, त्यासाठी आभार. एवढ्या धाग्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. ओठांचा मुद्दाही मान्य, सोळा ओळी सलग वाजवायला लावणं हा वादकांवर अन्याय आहे. पण मोकळे बार ठेवा, सूर का बदलता? आमच्याकडे बँडने एका कडव्यात हार्मनी बदलली होती. आम्ही पुस्तकातला एफ नॅचरल धरलेला आणि ट्रॉम्बोनवर एफ शार्प. आमच्या रांगेतल्या बायकांना वाटलं आपणच चुकलो. चौघीजणी पुढच्या ओळीला गप्प बसल्या. वर्षानुवर्षं ती ओळ पाठ असलेल्या बायका होत्या त्या.

आणखी एक. जुनी चाल सर्वांची असली तरी नवीन पुस्तकातली हार्मनी किंवा वरची ओळ कुणाच्या तरी हक्काची असू शकते. उतरवून वाटण्याआधी पानाच्या तळाशी काय छापलंय ते वाचा.

युफोनियम

एफ शार्पचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. ज्या कडव्यात गायनवृंद चार भागांत गाणार, तिथे एकही सूर छापील हार्मनीच्या बाहेर नसेल. फक्त कुठली ओळ कोणत्या वाद्यावर आणि कोणत्या सप्तकात, एवढंच मी ठरवीन. हार्मनी बदलायची ती चौथ्यात, जिथे सगळे एका सुरात चाल गातील, आणि तेही आधी तालमीत सांगून.

पट्टी मात्र एफच.

आल्टो, दुसरी रांग

एफमध्ये आमची ओळ इतकी खाली जाते की आल्टो ऐकूच येत नाहीत. जी ठेवा, आणि सॅक्सोफोनच्या पोराला चार शार्प शिकवा. एका आठवड्यात येतील त्याला.

क्लॅरिनेट

एका आठवड्यात येत नाहीत. मी शिकवलंय.

मागचं बाक

एफ. वरचा डी माझ्या आईला आता पोचत नाही.