मदत हवी आहे: २०१९ ची गेम ऑफ थ्रोन्सची पैज नक्की कोण जिंकलं? (शेवट फोडलेला आहे, जपून वाचा)

पैजेवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

घर बदलतोय. माळा रिकामा करताना श्रीखंडाचा एक किलोचा डबा सापडला, चारी बाजूंनी सेलोटेप मारलेला. वर मार्करने माझ्याच अक्षरात: "निकाल राखीव".

२०१९ साली आम्ही सहा जण कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये राहायचो. १४ एप्रिलच्या रविवारी रात्री, म्हणजे आठवा सीझन सुरू व्हायच्या आदल्या रात्री, प्रत्येकी ५०० रुपये काढून पैज लावली. डब्यावर लिहिलेला प्रश्न असा: "शेवटच्या भागाच्या शेवटी लोखंडी सिंहासनावर कोण?" आणि खाली नियम: "कारण लिहिणे सक्तीचे. कारणाशिवाय चिठ्ठी बाद." नियम मीच लिहिला होता आणि तोच आता अंगाशी आलाय. (मालिका न बघणाऱ्यांसाठी: लोखंडी सिंहासन म्हणजे राज्याची गादी. डॅनी ही ड्रॅगनवाली टारगेरियन घराण्याची राणी, सर्सी गादीवर बसलेली राणी, सॅन्सा, ब्रॅन आणि आर्या भावंडं, जॉन त्यांच्यातच वाढलेला. नाइट किंग हा मेलेल्यांच्या फौजेचा राजा, आणि अझोर अहाई मूळ पुस्तकांतल्या दंतकथेतला वीर.) चिठ्ठ्या समोर आहेत, जशाच्या तशा उतरवतो:

मी: डॅनी. कारण: आठ सीझन चालवत आणलीय, बसायला खुर्ची तरी देतील.
रत्नागिरीकर: सर्सी. कारण: ती उठणार नाही.
नाशिककर: सॅन्सा. कारण: बाकी सगळे एकमेकांना मारून संपणार.
कोल्हापूरकर: जॉन. कारण: तो डॅनीला काळजात सुरा खुपसून मारणार. पुस्तकात अझोर अहाईने बायकोला मारूनच तलवार घडवली होती.
सोलापूरकर: ब्रॅन. कारण: ब्रॅन हाच नाइट किंग.
नागपूरकर: कोणीच नाही. कारण: नाइट किंग सगळ्यांना मारणार, आणि मेलेल्यांना खुर्ची लागत नाही.

२० मे, सोमवार, सकाळी साडेसहाला सहाही जण आंघोळ न करता एका लॅपटॉपसमोर. ८० मिनिटांनी भाग संपला आणि भांडण सुरू झालं. सोलापूरकर म्हणे ब्रॅन राजा झाला, पैसे टाका. नागपूरकर म्हणे ड्रॅगनने सिंहासन वितळवलं, त्यावर कोणीच नाही, पैसे मला. कोल्हापूरकर म्हणे तुमची दोघांची कारणं तिसऱ्या भागातच मेली, काळजात सुरा फक्त मी लिहिला होता. शेवटी डबा पुन्हा बंद करून माळ्यावर टाकला.

आता सगळे सहा गावी पांगलोय, पण ग्रुपवर पुन्हा पेटलंय. माझी चिठ्ठी सगळ्यात चुकलेली म्हणून मला न्यायाधीश नेमलंय. दोन प्रश्न:
१. पैज कोण जिंकलं?
२. डब्यात ३००० रुपये आहेत, पण दोन नोटा ५०० च्या आणि एक २००० ची. तिचं आता काय करायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काडीमास्तर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे पैज नव्हती, नुसता तमाशा होता. १२ मेच्या रात्री मुंबई एका धावेने आयपीएल जिंकली, दोन वाजता झोपलो, साडेसहाला उठून पाचवा भाग लावला. भागाचं नाव "द बेल्स". संपल्यावर भावाला विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, नावातच आहे, घंटा.

शब्दशः

यात वाद कसला? प्रश्न "राजा कोण" असा नाही, "लोखंडी सिंहासनावर कोण" असा आहे. डॅनीच्या ड्रॅगनने, ड्रोगॉनने, त्याचा लोळागोळा केला. ब्रॅन राजा झाला तो ड्रॅगनपिटच्या उघड्या रिंगणात, आणि बसला होता स्वतःच्या चाकांच्या खुर्चीत. नागपूरकर जिंकला. धागा बंद करा.

गारठलेला_कावळा

एवढी घाई नको. मालिकेत पहिल्या भागापासून "सिंहासनावर कोण" याचा अर्थ "राज्य कोणाचं" असाच आहे. शिवाजी पार्कच्या सभेत एखादा म्हणाला की खुर्ची आमचीच, तर तो फर्निचरबद्दल बोलत नसतो. ब्रॅन राजा म्हणून जाहीर झाला, सहा राज्यांचा का होईना. सोलापूरकर.

शब्दशः

मग सोलापूरकरचं कारण काय करता? नाइट किंगला आर्याने तिसऱ्याच भागात संपवलं. ब्रॅन झाडाखाली बसून बघत होता. स्वतःलाच मरताना?

न्यूजर्सीची_वहिनी

हसून हसून मेले. आमच्याकडे रविवारी रात्री नऊला असायचा. सहा मराठी कुटुंबं, पावभाजी, आणि मुलांना वरच्या मजल्यावर कोंडलेलं, कारण ती मालिका मुलांसमोर बघायची सोय नाही. शेवटी डॅनीचा कैदेतला सल्लागार टिरियन बेड्या घालून उभा राहतो आणि सगळ्या सरदारांना राजा कोण करायचा ते सांगतो, तेव्हा आमचे एक काका (निवृत्त तहसीलदार, भारतातून आलेले, आधीचा एकही भाग न बघितलेले) म्हणाले, "हा आरोपी आहे ना? मग याला बोलायला कोणी दिलं?" सात वर्षांच्या अभ्यासकांकडे उत्तर नव्हतं.

रच्याकने (बाय द वे), जॉनचा मित्र सॅम म्हणतो की लोकांनाच विचारू या, आणि सगळे सरदार खो-खो हसतात. तुमच्याकडे नेमके आदल्या संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले होते ना? आईचा फोन आलेला, त्यात निम्मा वेळ ते आणि निम्मा वेळ डॅनी.

पैजेवाला

हो, १९ मेलाच. २३ ला निकाल. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये "कोण बसणार" म्हटलं की आधी विचारावं लागायचं, कुठे?

तिसरा_डोळा

सोलापूरकरची बाजू मांडतो, कारण तेव्हा मीही ब्रॅन म्हणजेच नाइट किंग या पंथातला होतो. हसू नका. ब्रॅन भूतकाळात शिरून त्याला पाठीवर वाहणाऱ्या होडोरचं आयुष्य बदलतो हे सहाव्या सीझनमध्ये दाखवलं होतं. नाइट किंग त्याच्या हाताला धरतो, खूण उमटते. एवढं ठेवल्यावर माणूस काही तरी जोडणारच. जोडलेलं चुकलं, पण त्याच्या मुळाशी जे होतं, की हा पोरगा दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही, ते बरोबर निघालं. राजा होतोस का विचारल्यावर तो काय उत्तर देतो आठवा: मी एवढ्या लांब का आलो असं वाटतं? मी टुणकन उडालो होतो तेव्हा.

गारठलेला_कावळा

+१. आणि शेवटच्या भागाआधी परदेशातल्या सट्टेबाजांकडे ब्रॅनच पुढे होता. म्हणजे अगदीच आभाळातून पडलेलं नव्हतं.

आजीचा_ड्रॅगन

जरा लांब लिहिते, माफी असावी. सगळे नाव बरोबर की चूक यातच अडकलेत. नियमात कारण सक्तीचं आहे, म्हणजे पैज अंदाजाची होती, लॉटरीची नाही. मग बघू या, २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या हातात जेवढे दुवे होते त्यातून कोणाचा अंदाज निघत होता.

दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग काढा. डॅनी त्या जादूगारांच्या मनोऱ्यात सिंहासनाचा दरबार बघते. छप्पर तुटलेलं, वरून पांढरं काही तरी पडतंय. ती हात पुढे करते, लावणार एवढ्यात ड्रॅगनच्या पिल्लांचा आवाज येतो आणि ती वळते. आपण सगळ्यांनी सात वर्षं ते बर्फ समजलं. हिवाळा येणार हिवाळा येणार म्हणून कान किटले होते ना. ती राख होती. तिनेच जाळलेल्या शहराची. शेवटच्या भागात ती तिथेच, तशीच उभी राहते, या वेळी हात लावते, पण बसत मात्र नाही. बसायच्या आत जॉन येतो. म्हणजे डॅनी बसणार नाही हे २०१२ सालीच दाखवून ठेवलं होतं. (पैजेवाले, तुमची चिठ्ठी खरंच सगळ्यात चुकलेली आहे.)

पाचव्या सीझनमध्ये म्हातारा एमॉन, जो स्वतः टारगेरियन, म्हणतो की जगात एकटा उरलेला टारगेरियन ही भयंकर गोष्ट. सातव्यात तिचा एक ड्रॅगन गेला, आठव्यात दुसरा गेला, विश्वासू जोरा गेला, मैत्रीण मिसांडे गेली, आणि जॉन प्रेमाचा माणूस राहिला नाही, वारसदार निघाला. एकटी पडली, जाळलं. माझी तक्रार ती वेडी झाली ही नाहीच. दहा भागांचे सीझन आधी सातवर आले, मग सहावर, आणि जे उतरणीला लागायला वीस भाग हवे होते ते एका घंटेच्या आवाजात उरकलं. पुन्हा सीझन करा म्हणून त्या अर्जावर लाखोंनी सह्या केल्या, मीही केली, आणि दुसऱ्या दिवशी लाज वाटली. चहाचा डाव बिघडला म्हणून कोणी टपरीवाल्याकडून सगळा दिवस परत मागत नाही. (त्याच सीझनला एमीची ३२ नामांकनं आणि सर्वोत्तम मालिकेचं बक्षीस मिळालं, हेही जाता जाता.)

तर कोल्हापूरकर. अझोर अहाई आणि त्याची बायको निसा निसा यांची कथा मालिकेत नाहीच, पुस्तकात आहे. म्हणजे त्याने वाचून, विचार करून लिहिलं. काळजात सुरा, जॉनच्या हातून, प्रेमाच्या माणसाला. शब्दन् शब्द झालं. फक्त त्यानंतर जॉन खुर्चीवर बसण्याऐवजी उत्तरेला हाकलला गेला. माझं मत त्याला.

शब्दशः

ताई, लेख सुंदर, पण उत्तरपत्रिकेत रीत बरोबर आणि उत्तर चूक असेल तर दोन मार्क मिळतात, पाच नाही.

आजीचा_ड्रॅगन

आणि रीत चूक नि उत्तर बरोबर असेल तर मास्तर विचारतात, कोणाचं बघितलंस?

काडीमास्तर

बघितलंस वरून आठवलं. चिठ्ठ्या खरंच तेव्हाच्याच कशावरून? ऑगस्ट २०१७ मध्ये सातव्याचा चौथा भाग आधीच फुटला होता आणि त्या प्रकरणात अटक झालेले चौघे आपल्या मुंबईच्या एका कंपनीशी संबंधित होते. महाराष्ट्राची परंपरा आहे. हलके घ्या.

पैजेवाला

चिठ्ठ्यांवर सहाही जणांच्या सह्या आहेत, तारखेसकट. नाशिककर सरकारी नोकरीच्या तयारीत होता, त्यानेच करायला लावलं.

ताई, तुमचा प्रतिसाद ग्रुपवर टाकला. कोल्हापूरकरने तो स्टेटसला ठेवलाय.

तिसरा_डोळा

सर्सीवाल्याला कोणीच विचारत नाहीये. डॅनी बसली नाही, ब्रॅनला ती खुर्ची मिळालीच नाही. म्हणजे त्या सिंहासनावर शेवटची बसलेली व्यक्ती सर्सीच. "ती उठणार नाही" हेही एका अर्थी खरं, राजवाड्याच्या ढिगाऱ्याखालून उठलीच नाही.

पैजेवाला

अहो, आता चौथा दावेदार कशाला उभा करता!

बँकेतला_माणूस

मी मालिका बघितलेली नाही आणि आता बघायची गरजही राहिली नाही. दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. २००० ची नोट बाद झालेली नाही, चलनातून मागे घेतली आहे. या दोन्हींत फरक आहे. ती आजही वैध आहे. बँकेत भरायची किंवा बदलायची मुदत मात्र ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली, तेव्हा शाखेत जाऊन वाद घालू नका, काउंटरवरच्या माणसाचा त्यात काही दोष नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत ती घेतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पुण्यात सोय नाही. प्रत्यक्ष जायचं नसेल तर कोणत्याही पोस्टातून तिकडे पाठवता येते, रक्कम पाठवणाऱ्याच्या खात्यात जमा होते. ओळखपत्र आणि खात्याचा तपशील जोडावा लागतो. एका नोटेसाठी बेलापूरला जाण्यापेक्षा पोस्ट बरं.

अवांतर: नोट मागे घेण्याची घोषणा १९ मे २०२३ ची. वर तुम्ही शेवटच्या भागाची तारीख लिहिलीय म्हणून सहज लक्षात आलं.

न्यूजर्सीची_वहिनी

बाप रे! आमच्याकडे भाग १९ मेलाच लागला होता. बरोबर चार वर्षं.

पैजेवाला

साहेब, मनापासून आभार. या धाग्यावर एकमत झालेला हा एकमेव मुद्दा.

निकालाचं असं ठरवलंय, पटतंय का बघा. नियम मी लिहिला, तर अर्थही माझाच. कारण "लिहिणे" सक्तीचं होतं, "बरोबर असणे" नव्हतं. म्हणजे कोल्हापूरकर बाहेर. (आजीचा_ड्रॅगन, रागावू नका.) उरले दोघे. त्यात शब्दशः यांचं म्हणणं मला जास्त पटतं, कारण डब्यावर "राजा" हा शब्दच नाही. नागपूरकर विजयी असं ग्रुपवर लिहिलं. सोलापूरकर तेव्हापासून गप्प आहे, आणि त्याचं गप्प राहणं ब्रॅनसारखंच आहे, भीती वाटते.

संत्र्याची_फोड

मीच तो नागपूरकर. बायकोनं लिंक पाठवली, म्हणे हे तुमचंच दिसतं. काय बे, इतक्या वर्षांनी न्याय केला तोही परक्या लोकांना विचारून? असो, जिंकलो. आता त्या पोस्टाच्या भानगडीत कायले पडतो, रिझर्व्ह बँकेचं ऑफिस इथं नागपुरात आहे. डबाच कुरियर कर, नोट मी बदलून घेतो.

पैजेवाला

कुरियरचे पैसे कोण देणार?

संत्र्याची_फोड

त्याचा काही नियम लिहिला होता का डब्यावर?