मदत हवी आहे: जुन्या मिलिटरी जीपला मागून नीट दिसेल असा कुठला लाईट बसवावा? (सातारा)

डोंगरउतार
मंडळी जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे. आमच्याकडं जुनी मिलिटरी जीप आहे, एकदम चालू कंडिशन. १६ डिसेंबरला विजय दिवसाला अपशिंगे मिलिटरीला पाव्हण्यांकडं न्यायची ठरलीय, तिथली माजी सैनिक मंडळी बघायची म्हणतायत. परत यायला अंधार होणार. हायवेला सीझनच्या उसाच्या ट्रॉल्या आणि मागनं येणारे ट्रक, लक्झरीवाले पार बुडाला चिकटल्यावर ब्रेक मारतात, मागं नागठाण्याजवळ तर एकजण उजव्या बाजूनं घासूनच गेला. मागचा लाईट जळतोय, म्हणजे फॉल्ट नाही, पण कुणाला दिसत नाही. एलईडी आणून लावले ते लागतच नाहीत. वायरिंगवाला म्हणतो गाडीच जुनी झाली, आता काय बोलायचं. तर कुठला एलईडी घ्यावा आणि साताऱ्यात कुठं मिळेल एवढंच सांगा. भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही, रंग बदलायचा नाही. थोरले काका घरात घेणार नाहीत.

कृष्णाकाठ
कुठली जीप? विलीज, महिंद्रा, जोंगा? फोटो टाका. आणि सिस्टीम किती व्होल्टची?

डोंगरउतार
मिलिटरी जीप म्हणजे मिलिटरी जीप हो. आजोबांनी डिस्पोजलमधनं, म्हणजे सैन्यानं काढून टाकलेल्या गाड्यांच्या विक्रीतनं घेतलेली. बॅटरी नेहमीचीच आहे. फोटो चढत नाही, साईज मोठी म्हणतंय.

रेडियम_राजा
एलईडीच्या नादाला लागू नका भावा. मागं सगळीकडनं पांढरं रेडियम मारा, हेडलाईट पडला की अख्खी गाडी पेटल्यागत दिसती. पवई नाक्यावर कुणालाही विचारा, अर्ध्या तासाचं काम. मी माझ्या टेम्पोला केलंय, परत कुणी ठोकला नाही.

शेंद्रेकर
मूळ दुखणं ट्रॉल्यांचं आहे. दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर ऊस दोन्हीकडनं बाहेर. दरवर्षी सीझनच्या तोंडावर कारखान्यावर रिफ्लेक्टर वाटायचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात, आणि महिन्याभरात ते रिफ्लेक्टर चिखलानं माखून जातात. आधी त्यांना पकडा मग जीपवाल्याला शिकवा.

कृष्णाकाठ
शेंद्रेकर, जीपवाल्याला कुणी शिकवत नाहीये, तो स्वतःच विचारतोय. डोंगरउतार, दोन गोष्टी बघून सांगा. एक, बॅटरीवर पाणी घालायची बुचं किती. दोन, समोरच्या जाळीला उभ्या फटी किती. एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

खंबाटकी_घाट
फॉग लॅम्प पिवळेच घ्या, पांढरे धुक्यात उलटे डोळ्यावर येतात. मी घाटात वापरतो.

डोंगरउतार
पुढचं नाही हो विचारलं, मागचं विचारलंय. बुचं तीन. फटी नऊ.

कृष्णाकाठ
अहो मग हे आधी सांगायचं ना! नऊ फटी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जीप, विलीज एमबी नाहीतर फोर्डची जीपीडब्ल्यू, १९४१ ते १९४५ मधली. नंतरच्या सिव्हिलियन जीपला सात फटी. बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ अक्षर दिसलं तर फोर्डची. आणि तीन बुचं म्हणजे सहा व्होल्ट. बाजारातला एलईडी बाराचा, तो सहावर एकतर लागत नाही नाहीतर मेल्यागत मिणमिणतो. म्हणजे वायरिंगवाला चुकला, गाडी नाही.

डोंगरउतार
एफ आहे बोल्टावर! बऱ्याच बोल्टांवर आहे. काकांना सांगितलं तर म्हणाले ते त्यांना आधीपासनं माहीत होतं. बरं मग सहाचा एलईडी कुठं मिळतो?

गॅरेज_मिरज
सहाच्या मागं लागून फायदा नाही. सरळ बारा व्होल्ट करून टाका. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कॉईल बदला, बल्ब बदला, झालं. स्टार्टर सहाचा बारावर चालतो, उलट एका हाकेत उठतो. आम्ही मिरजेत किती गाड्या केल्या. मग जगातला कुठलाही लाईट लावा.

कृष्णाकाठ
स्टार्टर चालतो पण बेंडिक्स, म्हणजे स्टार्टरचं पुढं सरकणारं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या रिंगवर कसं आपटतं ते पण सांगा की. रिंगचे दात गेले की इंजिन उतरवा. आणि ते पेट्रोलचं मीटर? बारा दिले की गेलं. ऐंशी वर्षं जपलेली वायरिंग एका संध्याकाळसाठी उपटायची?

गॅरेज_मिरज
व्होल्ट कमी करणारा ड्रॉपर टाकायचा मीटरला. पुस्तक वाचून गॅरेज चालत नाही साहेब.

विटेकर_७७
गाडी द्यायची आहे का? किंमत व्यनि (खाजगी निरोप) करा.

सुभेदार_ईएमई
नमस्कार. मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात नोकरी केली, या गाड्या हाताखालून गेल्यात. व्होल्टेजचं भांडण नंतर करा. डोंगरउतार, तुम्ही म्हणता लाईट जळतो पण दिसत नाही, त्याचं कारण ऐका.

या जीपला मागं दोन लॅम्प दिसतात खरे, पण नेहमीचा लाल टेल आणि ब्रेक लाईट फक्त डाव्या लॅम्पमध्ये. उजव्या लॅम्पमध्ये दोन्ही ब्लॅकआऊटचे, बारीक फटीतून जेमतेम उजेड. वरून विमानाला दिसू नये आणि कॉन्व्हॉयमधल्या मागच्या ड्रायव्हरला तेवढं अंतर कळावं, यासाठीच ते. गाडीच लपण्यासाठी बनवलेली आहे, तुम्ही तिला दाखवायला निघालात. त्यात अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणजे तिकडं डावा दिवा रस्त्याच्या मध्याकडं येतो. आपल्याकडं तोच दिवा कडेला, साईडपट्टीकडं. मागच्या ट्रकवाल्याला काय दिसतं? कडेनं चाललेला एकच लाल ठिपका. तो समजतो मोटरसायकल आहे. मोटरसायकलला सोडतात तेवढी जागा सोडून तो उजवीकडून काढतो, आणि तिथं तुमची उरलेली जीप अंधारात असते. नागठाण्याला उजव्या बाजूनंच घासला म्हणालात ना?

दुसरं, स्टिअरिंग डावीकडं. हात दाखवून साईड देणार तर हात दिसतो कडेच्या बाभळीला.

तिसरं, मागच्या पत्र्यावर दोन गोल लाल रिफ्लेक्टर असतात, ते आहेत का बघा. आणि लाईटचा स्विच पूर्ण ओढता का पहिल्या खटक्यावरच सोडता? पहिल्या खटक्यावर फक्त ब्लॅकआऊट लागतो.

डोंगरउतार
सुभेदार काका, अगदी हेच! मी इतके दिवस म्हणतोय ट्रकवाले मुद्दाम करतात. स्विच बाजूचं बटण दाबून पूर्ण ओढतो. रिफ्लेक्टर आहेत पण मागं गाडीला रंग दिला तेव्हा पेंटरनं त्याच्यावरनंपण हिरवा मारलाय, आत्ता नखानं खरवडून बघितलं तर खाली लाल काच.

सुभेदार_ईएमई
थिनरचा बोळा आणि लाकडाची काडी. पत्र्याच्या तुकड्यानं घासू नका, काचेला चरे पडले की चमक गेली. हे फुकटात होणारं काम आहे, आजच करा.

कलमखोर
वाचतोय. कुणालाच प्रश्न पडला नाही म्हणून मी विचारतो, गाडीचा रंग ऑलिव्ह ग्रीन आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन रंग मारता येत नाही. दिसत नाही म्हणताय तर आधी रंगच बदला, दोन्ही प्रश्न सुटतील.

डोंगरउतार
रंगाचं वर लिहिलंय, रंग बदलायचा नाही. विषय लाईटचा आहे.

पेठकर
कलमखोर, मग हायवेला त्या हिरव्या थार फिरतात त्यांना कोण धरतं? ओजी रंगाशिवाय ती जीप म्हणजे लग्नाची गाडी.

कलमखोर
शेड वेगळी असते, आणि धरत नाहीत म्हणून नियम नाही असं होत नाही. आता कामाचं सांगतो, चिडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ कलम १२०, डावीकडं स्टिअरिंग असलेली गाडी चालू स्थितीतल्या सिग्नल यंत्राशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे इंडिकेटर तुम्हाला हौस म्हणून नाही, लागतातच. आणि रेडियम_राजांनी मागं पांढरं सांगितलंय ते चूक. पांढरं पुढं, पिवळं बाजूला, लाल मागं. मागनं पांढरं चमकलं तर मागच्याला वाटेल गाडी त्याच्याकडंच येतीय.

रेडियम_राजा
माझ्या टेम्पोला पांढरंच आहे, पाच वर्षं झाली, पासिंग पण झालं.

कलमखोर
तुमचा टेम्पो हा कायद्याचा आधार नाही.

पेठकर
२०२१ ला व्हिंटेजचे नवे नियम आले ना? त्यात नोंदवली तर भानगड मिटेल. व्हीएचा नंबर मिळतो.

कलमखोर
मिटत नाही, उलट आवळते. पहिल्या नोंदणीपासनं ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच. तुमच्या काकांना रविवारी यवतेश्वरला भजी खायला जायचं असेल तर आधी विचार करा. आरसी कुणाच्या नावावर आहे?

डोंगरउतार
आरसीचं नका काढू, तो वेगळा धागा होईल. मला फक्त लाईट.

बॅटरीवाला_कुपवाड
कुपवाड एमआयडीसीत काम करतो, ट्रेलरच्या लाईटी हा माझा रोजचा धंदा. सहाला हात लावू नका आणि बारा पण करू नका, दोघं भांडताय उगाच. गाडीचं गाडीपाशी राहू द्या, मागं वेगळा बोर्ड करा.

एक लाकडी नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची, गाडीच्या रुंदीएवढी, ही जीप साधारण १.६ मीटर असंल. दोन्ही टोकाला ट्रेलरचे बाराचे एलईडी लॅम्प, टेल-ब्रेक-इंडिकेटर एकात असलेले. जितके टोकाला तितके बरे, दोन लाल दिवे लांब लांब दिसले की मागच्याला कळतं ही चारचाकी आहे. पट्टीला मॅग्नेट, खाली रबर चिकटवायचं म्हणजे रंगाला ओरखडा नाही. जीपचा पत्रा लोखंडी आहे, धरतो चांगला, वरनं एक दोरी बांधायची. सीटखाली यूपीएसची बारा व्होल्ट ७ एएचची बॅटरी, वायरला फ्यूज. एलईडी एवढा कमी खातो की संध्याकाळ आरामात निघती, घरी येऊन चार्जरला लावा.

टेलला साधा स्विच. इंडिकेटरला वेगळा स्विच आणि फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक घ्या, जुना पत्र्याचा फ्लॅशर एलईडीवर नीट मारत नाही, लोडच लागत नाही त्याला. आता ब्रेक. डाव्या लॅम्पला जाणारी ब्रेकची वायर आहे तिला सहा व्होल्ट कॉईलचा रिले लावायचा. पाय मारला की गाडीच्या सहावर रिले ओढणार आणि बाराचा करंट बोर्डाला जाणार. दोन सिस्टीम एकमेकांत मिसळत नाहीत. भोक नाही, वेल्डिंग नाही. अपशिंग्यात पोचल्यावर बोर्ड काढून सीटमागं टाका, फोटोत दिसणार पण नाही.

गॅरेज_मिरज
रिले खराब झाला तर ब्रेक लाईट गेला.

बॅटरीवाला_कुपवाड
मूळचा डावा लॅम्प चालूच राहतो की दादा. तो काढा म्हटलंच नाही.

कृष्णाकाठ
हे पटलं. फक्त त्या मूळच्या लॅम्पचं अर्थिंग पण साफ करा. तोच २१ वॅटचा बल्ब बारावर पावणेदोन अँपिअर घेतो, सहावर साडेतीन. दुप्पट करंट, त्यामुळं गंजात दुप्पट व्होल्ट खाल्ले जातात, ते पण आधीच निम्म्या असलेल्या व्होल्टमधनं. लॅम्प जिथं बोल्टला बसतो तिथला रंग आतनं खरवडून चकचकीत करा, बाहेरून काही दिसत नाही.

वाईची_मावशी
आणि दिवसा? ऊन उतरताना ही हिरवी गाडी उसाच्या कडेनं चालली की दिसतच नाही, आमच्याकडं लेकाची आहे, महिंद्राची. रेडियम दिवसा कामाचं नाही, त्याच्यावर हेडलाईट पडावा लागतो. दिवेलागणीच्या आधी तो भगवट फ्लोरोसंट रंग दिसतो, रस्त्यावर काम करणारे जाकीट घालतात ना तसला. त्या दोन्हींचा त्रिकोण मिळतो, मध्ये फ्लोरोसंट आणि कडेनं लाल रेडियम, तिकडं अमेरिकेत हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरांना लावतात. आम्ही तसा कापून पत्र्यावर चिकटवलाय आणि मागच्या स्पेअर चाकाला अडकवतो. आणि मागं बसणाऱ्याला जाकीट घालायला लावायचं, थंडीत तसंही बरं पडतं.

डोंगरउतार
मावशी हे भारी आहे, करतो. बोर्डाचं सामान आणलं. रिले सहाचा साताऱ्यात नाही मिळाला, मुंबईला भाऊ आहे त्याला लॅमिंग्टन रोडवरनं आणायला सांगितलाय.

शेंद्रेकर
आणि ट्रॉल्यांचं काय ठरलं?

डोंगरउतार
अपडेट. बोर्ड झाला. काल रात्री यवतेश्वरच्या रस्त्यावर चुलत्याच्या पिकअपमधनं मागनं बघितलं. दोन्ही लाल लांबनंच सुटे दिसतात, खरवडलेले रिफ्लेक्टर तर डिपर मारला की डोळ्यात येतात. पूर्वी मीच ही गाडी ओळखली नसती. एकच अडचण, ब्रेक दाबून धरला की रिले टिकटिक करतो आणि बोर्डाचा ब्रेक लाईट फडफडतो. गाडी वेगात असली की नाही, सिग्नलला उभी राहिली की होतं.

सुभेदार_ईएमई
आयडलला डायनामो चार्ज करत नाही, बॅटरीवरच चालतं आणि हेडलाईट चालू असले की सहाचे साडेपाच राहतात. रिलेला जेमतेम पोचतं म्हणून सोडतो. रिलेची अर्थ वायर चासीला लावलीय का?

डोंगरउतार
हो, सीटखालच्या बोल्टाला.

सुभेदार_ईएमई
तिथं रंग आहे. ती वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, जाड घ्या. आणि बॅटरीची टर्मिनल गरम पाण्यानं धुवा. तरी थांबलं नाही तर बॅटरी म्हातारी झाली समजा.

डोंगरउतार
वायर थेट नेली, थांबलं. अपशिंग्याला जाताना पिकअप मागं ठेवतोच, चुलता म्हणतोय डिझेल कोण देणार. कलमखोर, हा मॅग्नेटचा बोर्ड आरटीओला चालतो का?

कलमखोर
कलम १२० ला सिग्नल यंत्र चालू स्थितीत पाहिजे, तुमचं चालू आहे. इन्स्पेक्टर काय म्हणेल ते मी इथनं सांगू शकत नाही, आधी जाऊन दाखवून घ्या. जाताना आरसी घेऊन जा. रंगाचं विचारतीलच.

विटेकर_७७
बोर्डासकट द्यायची असली तरी चालेल.