‘इम्पोर्ट’ला आयात म्हणायचं का? आणि ‘व्हेंडर’ला काय?

नळस्टॉप

मंडळी, जरा मदत हवी आहे. कर्वेनगरात डिप्लोमाच्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी ‘गो’ या प्रोग्रॅमिंग भाषेचा वर्ग घेतो. मुलं साताऱ्याची, बीडची, नगरची. वर्गातलं बोलणं मराठीत, टिपणं मात्र आजवर इंग्रजीत. यंदा म्हटलं, टिपणंही मराठीत काढू. तीन पानं सुरळीत झाली आणि चौथ्या पानावर ‘इम्पोर्ट’पाशी गाडं अडलं.

सरळ ‘आयात’ लिहिलं. ‘प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लागणारी पॅकेजं आयात करावीत.’ (पॅकेज म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडचा संच.) वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, मग ड्यूटी कोण भरतं?’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, पोरीने नेमकं दुखणं पकडलं. आयात म्हटलं की माल आला, कुठली तरी सीमा ओलांडून आला. गोमध्ये इम्पोर्टच्या ओळीने काहीही येत नाही. त्या ओळीत नुसता पत्ता असतो. तो वाचून शोधाशोध करणारा गडी वेगळाच, त्याचं नाव गो कमांड. आधी तो पाहतो की पत्त्याच्या पहिल्या तुकड्यात टिंब आहे का. टिंब नसेल (एफएमटी, नेट स्लॅश एचटीटीपी) तर ते घरचं, म्हणजे भाषेबरोबर आलेलं. गिटहब डॉट कॉमसारखं (ही लोकांनी कोड ठेवायची साइट) टिंब असेल तर बाहेरचं.

तर प्रश्न असे: इम्पोर्टला काय म्हणावं? पॅकेजला? आणि ‘व्हेंडर’ हे जे फोल्डर असतं, त्याला ‘विक्रेता’ म्हणायला जीभ रेटत नाही.

पावशेर

पॅकेजला हात लावू नका. पुण्यात पॅकेज म्हणजे मुलाचा पगार. ‘स्थळ चांगलं आहे, पॅकेज बावीसचं आहे.’ तुमच्या वर्गात ‘पॅकेज मागवा’ म्हटलंत तर पोरं तुम्हालाच बायोडेटा पाठवतील.

मात्रा_वेलांटी

‘आयात’ का खटकतं ते शब्दातच आहे. आ उपसर्ग आणि ‘या’ म्हणजे जाणे हा धातू, मिळून अर्थ ‘आलेला’. ‘निर्यात’ म्हणजे ‘निघून गेलेला’. दोन्ही शब्द काम उरकल्यावरचे. तुम्ही वर्णन करता आहात ती ओळ काम सुरू होण्याआधीची. म्हणून मुलीला ड्यूटी आठवली. तिच्या डोळ्यांपुढे बंदरात लागलेलं जहाज आलं.

माझी सूचना ‘मागवणे’. मागणे आणि मागवणे यांतला फरक बघा. मागणारा स्वतः हात पुढे करतो, मागवणारा दुसऱ्याला धाडतो. तुमचा गो कमांड तो धाडलेला गडी.

दुसरा एक शब्द सुचतो, तो मला जास्त आवडतो: हवाला. ‘अमक्या बखरीचा हवाला देऊन ते म्हणतात’ यातला. हवाली करणे, हवालदार, सगळी एकाच अरबी घरातली भावंडं. इम्पोर्टची ओळ म्हणजे ‘यापुढे मी एफएमटी म्हणेन तेव्हा तो अमुक ठिकाणचा समजावा’ असा हवालाच नाही का?

पावशेर

हवाला लिहा, पुढच्या शनिवारी वर्गाला ईडी हजर.

हिंजवडी_फेज३

@मात्रा_वेलांटी, ताई, हवाला अर्थाने अगदी चपखल आहे. दहा वर्षं गोमध्ये काम करतोय, इतकं नेमकं वर्णन ऐकलं नव्हतं. पण पावशेर चेष्टेत बोलतोय ते खरं आहे, वर्तमानपत्रांनी तो शब्द नासवला. मी ‘मागवणे’च्या बाजूने.

फक्त ‘पत्ता’ या शब्दाबद्दल थोडं लिहितो, कारण तिथेच मुलं गोंधळतात. गोतला इम्पोर्ट पाथ दिसतो पत्त्यासारखा, वागतो नावासारखा. ‘मॅथ स्लॅश रँड’ आणि ‘क्रिप्टो स्लॅश रँड’ अशी दोन पॅकेजं आहेत. दोघांच्या दारावर पाटी ‘रँड’ अशीच. एक साधे यादृच्छिक आकडे देतं, दुसरं पासवर्ड-किल्ल्यांसाठी लागणारे, ज्यांचा अंदाज बांधता येऊ नये असे. चुकीचं घेतलंत तर प्रोग्रॅम बिनतक्रार चालेल आणि कुलूप मात्र चोराला उघडेल. आपल्याकडे नुसतं ‘मारुतीपाशी ये’ म्हणून भागतं का? डुल्या, पत्र्या, जिलब्या की भिकारदास हे सांगावं लागतं. तसंच. दोन्ही एकाच फाइलमध्ये हवे असतील तर एकाला घरगुती टोपणनाव द्यायचं, त्याची सोय इम्पोर्टच्या ओळीतच आहे.

उलट बाजूही आहे. पत्त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे पॅकेजचं नाव हा निव्वळ रिवाज, नियम नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत गो १.२२ मध्ये ‘मॅथ स्लॅश रँड स्लॅश व्ही२’ आलं. पत्ता व्ही२ वर संपतो, दारावर पाटी मात्र ‘रँड’.

नळस्टॉप

हे भारी झालं, मारुती टिपणात घेतो.

पत्त्यावरून आठवलं. पाकिटावर आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो: घर नंबर, गल्ली, सदाशिव पेठ, पुणे. गोचा पत्ता उलटा: आधी साइट, मग मालक, मग प्रकल्प, मग आतलं फोल्डर. मुलांना हे विचित्र वाटतं. मी पिनकोड दाखवतो. ४११०३०: आधी पश्चिमेकडचा विभाग, मग पुणे, मग शेवटच्या तीन आकड्यांत आमचं पोस्ट. तोही मोठ्याकडूनच लहानाकडे येतो. १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली आणि ते संस्कृतचे कवी होते, हे सांगितल्यावर वर्ग दोन मिनिटं शांत होता. पुढचं ऐकतील की नाही अशी शंका आली.

मात्रा_वेलांटी

घर पाडलं तरी पत्ता राहतो का, हे सांगा. कारण पुण्यात राहतो. जकात २०१३ मध्ये एलबीटी (स्थानिक संस्था कर) आल्यावर गेली, पण बसमध्ये माणसं अजून ‘एक जकात नाका’ म्हणूनच तिकीट काढतात.

हिंजवडी_फेज३

राहतो! हाच तर २०१९ नंतरचा बदल. पूर्वी गो कमांड थेट मालकाच्या दारात जायचा. मालकाने घर पाडलं की बिल्ड आडवा, म्हणजे कोड जोडून प्रोग्रॅम तयारच होत नसे. गो १.१३ पासून तो आधी गूगलने चालवलेल्या मधल्या सर्व्हरला विचारतो, म्हणजे प्रॉक्सीला. तिथे आधी कुणी तीच आवृत्ती मागवलेली असेल तर प्रत बहुधा शिल्लक असते. मूळ घर गेलं तरी माल मिळतो.

आणि घर हलवलं तर? त्याचीही सोय आहे. मालकाने स्वतःच्या डोमेनचा पत्ता दिला असेल, तर त्या पानावर एक छोटी ओळ ठेवता येते: ‘या नावाचा खरा माल अमुक ठिकाणी’. गो कमांड पत्त्यामागे ‘प्रश्नचिन्ह गो-गेट बरोबर १’ जोडून ते पान मागतो, ओळ वाचतो आणि तिकडे जातो. वाड्याच्या दारावरची ‘येथील मंडळी कोथरूडला राहावयास गेली आहेत, उगाच कडी वाजवू नये’ ही पाटीच. उद्या माल दुसऱ्या साइटवर हलवा, फक्त पाटी बदला, मागवणाऱ्यांच्या ओळीत अक्षर बदलावं लागत नाही.

आतल्या गोटातलं एक: कंपनीचा खाजगी कोड असेल तर प्रॉक्सीला तो दिसणारच नाही. आमच्या एका जुन्या कंपनीत अर्धा दिवस ‘सापडत नाही, सापडत नाही’ म्हणून आम्ही सर्व्हरवाल्यांना शिव्या घातल्या, शेवटी ‘हे पत्ते खाजगी, प्रॉक्सीला विचारू नको’ असं सांगणारी गो-प्रायव्हेट नावाची सेटिंग रिकामी निघाली. शिव्या परत घेतल्या नाहीत, ते राहूनच गेलं.

भुसारवाली

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. लेकीने हा धागा दाखवला, कारण ‘विक्रेता’वर आमच्या घरी वाद झाला. ती म्हणते, व्हेंडर फोल्डर म्हणजे लागणारा सगळा बाहेरचा कोड आधीच आणून आपल्या प्रकल्पात ठेवणं. इंटरनेट नसलं तरी अडत नाही, कुणी दुकान बंद केलं तरी अडत नाही. बरोबर ना?

अहो, मग याला बेगमी म्हणतात! माझ्या माहेरी भुसाराचं दुकान, आधी भवानी पेठेत, मग मार्केट यार्डात. एप्रिल-मे आला की गिऱ्हाइकं वर्षाचा गहू, तांदूळ, डाळी भरायची. निवडायचं, उन्हं द्यायची, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचं. पावसाळ्यात कितीही पाणी चढो, चूल अडायची नाही. यातला विक्रेता आम्ही. गिऱ्हाईक करायचं ती बेगमी. तुमच्या इंग्रजी शब्दाने दुकानदाराचं नाव कोठीला दिलंय.

मात्रा_वेलांटी

याला म्हणतात शब्द. माझ्याकडून नमस्कार घ्या.

हिंजवडी_फेज३

बेगमी!! आजपासून हाच. गो १.५ मध्ये, २०१५ ला, हे व्हेंडर प्रकरण प्रयोग म्हणून आलं तेव्हा हेच कारण होतं. त्याआधी जीओपाथच्या एका मोठ्या फोल्डरखाली सगळ्या जगाचा कोड, एका पत्त्याला एकच प्रत. माझ्या प्रकल्पाला जुनी आवृत्ती हवी, शेजाऱ्याच्या प्रकल्पाला नवी, आणि कोठी एकच. मग ज्याने त्याने आपापली बेगमी सुरू केली. मॉड्यूलं, म्हणजे एकाच आवृत्ती-क्रमांकाखाली येणारे पॅकेजांचे संच, २०१८ ला गो १.११ बरोबर आली. आता कोणाला कुठली आवृत्ती लागते हे गो-डॉट-मॉड फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

भुसारवाली काकू, अजून एक विचारू? प्रत्येक आणलेल्या मालाचा एक आकडा गो-डॉट-सम नावाच्या फाइलीत नोंदलेला असतो. पुढच्या वेळी माल आला की आकडा पुन्हा काढतात, जुळला नाही तर काम थांबवतात. इंग्रजीत चेकसम. याला?

भुसारवाली

ताळा. शाळेत गुणाकाराचा ताळा नाही का घेतला? नऊने काढायचा तो. आमचे वडील रात्री रोजमेळाचा ताळा बसल्याशिवाय जेवायला उठत नसत.

नळस्टॉप

ताळा! ‘ताळा जमत नाही, म्हणून गो कमांडने माल नाकारला.’ वाक्य स्वतःच बसलं. इंग्रजीतला मूळ संदेश माझ्या मुलांना पाठ आहे, पण तो कशाबद्दल आहे ते आत्ता कळेल.

याच चालीवर डिपेन्डन्सीला ‘अवलंबित्व’ न लिहिता ‘भिस्त’ लिहिलं तर? ‘या प्रकल्पाची भिस्त चार मॉड्यूलांवर आहे.’

मात्रा_वेलांटी

भिस्त उत्तम. फक्त अनेकवचन अवघड, ‘भिस्ती’ म्हटलं की पखालवाला उभा राहतो. वाक्य फिरवून लिहा, तुम्ही लिहिलंय तसंच.

आणि ‘इंटर्नल’ नावाचं काही असतं ना? मुलाच्या स्क्रीनवर पाहिलंय.

हिंजवडी_फेज३

असतं. ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरातलं पॅकेज फक्त त्या फोल्डरच्या बापाच्या छत्राखालचा कोड मागवू शकतो. बाहेरच्याने पत्ता अचूक लिहिला तरी गो कमांड नाही म्हणतो.

मात्रा_वेलांटी

माजघर. पाहुण्यांनी ओसरीवर बसावं.

पावशेर

कळीचा प्रश्न कुणी विचारला नाही. एवढं मराठी चाललंय तर प्रोग्रॅममध्येच देवनागरी का नाही लिहायची?

हिंजवडी_फेज३

ऐका, मजा आहे. गोमध्ये नाव कुठल्याही लिपीतलं चालतं, पण युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांची यादी) हिशेबाने त्यात फक्त ‘अक्षरं’ आणि अंक हवेत. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार युनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, ती जोडचिन्हं. म्हणून ‘दर’ चालतं, ‘वजन’ चालतं, ‘किंमत’ लिहिली की कंपायलर (आपला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा) वेलांटीवर बोट ठेवून थांबतो. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरी या नियमामुळे वगळली जाते असं नावानिशी लिहिलेलं आहे.

पावशेर

थांबा थांबा. ‘नगर’ चालतं आणि ‘पुणे’ चालत नाही?

हिंजवडी_फेज३

हो. ‘आई’ चालते, आ आणि ई दोन्ही पूर्ण स्वर. ‘बाबा’ चालत नाहीत, दोन काने आहेत.

पण आईचीही एक अडचण आहे. पॅकेजबाहेर दिसायचं तर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, आणि आपल्या लिपीत कॅपिटल हा प्रकारच नाही. म्हणजे ‘आई’ पॅकेजच्या आत हवं तेवढं काम करेल, बाहेरचं कुणी तिला नावाने हाक मारू शकणार नाही. नावाच्या सुरुवातीला रोमन कॅपिटल अक्षर चिकटवलं तरच. आणि मॉड्यूलच्या जमान्यात इम्पोर्ट पाथमध्ये तर देवनागरी अजिबातच नाही, तिथे साधी रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं.

भुसारवाली

उंबऱ्याच्या आत राबायचं आणि बाहेर नाव नाही. हे कुणी ठरवलं?

हिंजवडी_फेज३

काकू, तिघांनी मिळून. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन, २००९ ला भाषा जगापुढे ठेवली त्यांनी. मुद्दाम आईवर नेम धरला नव्हता, नियम सोपा राहावा म्हणून.

भुसारवाली

नेहमी सोपा नियमच असतो.

नळस्टॉप

टिपणाची यादी अशी ठरली: इम्पोर्ट करणे = मागवणे, व्हेंडर = बेगमी, चेकसम = ताळा, डिपेन्डन्सी = भिस्त, इंटर्नल = माजघर. पॅकेज आणि मॉड्यूल तसेच ठेवतो, दोन्ही नपुंसकलिंगी. पॅकेजला पुडा, गठ्ठा, बोचकं सगळं लिहून पाहिलं, बोचक्यावर मुलं पुढचा अर्धा तास बाद झाली.

मागवून न वापरलेलं पॅकेज असलं की गो बिल्ड करतच नाही. तिथे लिहिलं, ‘मागवलं तर वापरावं लागेल, पानात टाकायचं नाही.’ मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

एक राहिलं. बिल्ड तो की ती? वर @हिंजवडी_फेज३ यांनी ‘बिल्ड आडवा’ लिहिलंय.

हिंजवडी_फेज३

आमच्या टीममध्ये तो फुटतो. काचेपलीकडच्या टीममध्ये ती तुटते. तीन वर्षं एकाच मजल्यावर आहोत.

मात्रा_वेलांटी

‘बांधणी’ मनात धरणाऱ्यांना ती वाटत असेल. ‘फुटतो’ म्हणणारे काय धरतात, ते विचारून सांगा.

पावशेर

नारळ.