पर्मनंट लायसनच्या टेस्टला चढावर गाडी मागे आली, आता तयारी कशी करू?

मोगरा४३
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. वय ४३, पिंपरीत राहते. मार्चच्या सुरुवातीला लर्निंग काढलं, महिनाभर क्लास लावला आणि मागच्या सोमवारी फोरव्हीलरची टेस्ट दिली. आठचा आकडा नीट झाला, रिव्हर्सपण घाबरत घाबरत जमलं, पण चढावर थांबवून परत उचलायची होती तिथे ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी सर्रकन मागे, मी घाबरून क्लच सोडला, गाडी बंद. फेल. घरी येऊन रडले, खरंच सांगते. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मिस्टर नाशिकला नोकरीला, पहाटे रिक्षा मिळत नाही म्हणून तर शिकायला घेतली. आता क्लासवाले म्हणतात साडेतीन हजार द्या, मी बघतो, तुम्ही फक्त उभ्या रहा. मला तसं नकोय, पण परत फेल झाले तर? परत टेस्ट कधी देता येते आणि लर्निंग संपलं तर काय? आणि मुख्य म्हणजे तो चढ कसा जमवायचा?

वळणवाट
ताई आधी नियमाचं सांगतो म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. फेल झाल्यावर सात दिवसांनी परत टेस्ट देता येते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ मध्येच आहे ते. लागोपाठ तीनदा फेल झालात तरच शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंग सहा महिने चालतं म्हणजे तुमचं सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत आहे, त्यानंतर नवीन लर्निंगपासून सुरुवात. म्हणून आजच सारथीच्या, म्हणजे लायसनच्या सरकारी साइटवर जाऊन स्लॉट बघा, तारखा पटापट भरतात. टेस्टची फी परत भरायची, ३०० रुपये एका प्रकारच्या वाहनाला. साडेतीन हजार कशाचे ते त्यांनाच विचारा. पैसे देऊन लायसन येईल हो, पण पहाटे पाच वाजता सासूबाईंना मागे बसवून पुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात तर तिथे क्लासवाले येणार आहेत का?

क्लचकाकू
मोगरा, मी ५१ व्या वर्षी शिकले, त्यामुळे तुझं रडणं मला कळतं गं. एक विचारते, क्लासच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली पण क्लच-ब्रेक होते ना? माझं तेच झालं होतं. वीस दिवस मला वाटत होतं मी चालवतेय आणि क्लच सगळा तो दाबत होता! पहिल्यांदा घरच्या गाडीत बसले तर गेटातून बाहेर निघेपर्यंत चारदा बंद पाडली. तेव्हा तुझ्यात काही कमी नाहीये, तुझ्या डाव्या पायाला क्लच अजून भेटलाच नाहीये एवढंच.

आता चढाचं. आधी सपाट मोकळ्या जागेत कर. फर्स्ट टाक, अ‍ॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, क्लच केसाएवढा केसाएवढा वर सोड. एका जागी इंजिनाचा आवाज खोल जातो आणि बॉनेट किंचित वर उचलतं. तिथेच पाय थांबव, दहा आकडे मोज, परत दाब. हे रोज पन्नास वेळा. टाच जमिनीला टेकलेली ठेव, पाय अधांतरी असला की थरथरतो. दोन-तीन दिवसांत ती जागा पायाला सापडते. मग चढावर जायचं. गाडी थांबव, हँडब्रेक पूर्ण ओढ, फर्स्ट टाक, क्लच त्या जागेपर्यंत सोड, जरासा अ‍ॅक्सिलरेटर दे, बॉनेट उचललं की मगच हँडब्रेक खाली. हँडब्रेक सोडेपर्यंत गाडी हलतच नाही त्यामुळे घाबरायचं काही कारणच उरत नाही. पेट्रोल गाडी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त लागतो, डिझेल नुसत्या क्लचवरपण सरकते.

आणि पावसाचे दिवस आहेत, पातळ सोलचे बूट घाल आणि गाडीत बसायच्या आधी सोल पुसून घे. ओला पाय पेडलवरून सटकतो.

स्टेपनी
काकूंना +१. दोन गोष्टी अ‍ॅड करतो. आठच्या आकड्यात मागचं चाक नेहमी वळणाच्या आतून जातं म्हणून पुढचं चाक बाहेरच्या रेषेच्या जवळ ठेवा आणि नजर बॉनेटवर नको, वळण संपतं तिथे. दुसरं म्हणजे प्रॅक्टिसला एकट्या जाऊ नका, शेजारी पक्कं लायसनवाला माणूस पाहिजे आणि पुढे-मागे एल बोर्ड लागतो. टेस्टलापण गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी चालू आहे ना ते आदल्या दिवशी बघून ठेवा, माझ्यासमोर एका मुलाला पीयूसी संपली म्हणून परत पाठवलेलं. बसल्या बसल्या सीट, आरसे, बेल्ट आणि मगच चावी, तेपण बघतात.

मोगरा४३
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं, काल दिरांना शेजारी बसवलं तर कळलं की क्लच कुठे धरतो हेच मला माहीत नव्हतं. आमच्या बेसमेंटचा रॅम्प आहे, रात्री दहानंतर रिकामा असतो. काल अकरा वेळा बंद पडली, आज चार वेळा, आणि शेवटच्या सहा वेळा एक इंचपण मागे आली नाही, दिरांनी चाकामागे वीट ठेवून बघितलं, विटेला चाक लागलंच नाही. क्लासवाल्यांना फोन करून ‘तसं नको’ म्हणून सांगितलं. १४ तारखेचा स्लॉट मिळालाय. एकच विचारायचं राहिलं, आमच्या गाडीचा हँडब्रेक फार वर येतो, नऊ-दहा टिक वाजतात, तो टेस्टच्या आधी गॅरेजमध्ये टाइट करून घेऊ का?

क्लचकाकू
हो गं, उद्याच घे करून. आणि केल्यावर परत रॅम्पवर वीट ठेवून बघ.