लहान स्वतंत्र मंडळ्यांचा संघ: नोंदणी, मिळकत आणि सेवाकार्य

प्रश्न: मंडळी_सचिव

सर्वांना जय ख्रिस्त.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात आमच्या पाच लहान ख्रिस्ती मंडळ्या (स्थानिक चर्च) आहेत. त्यांपैकी दोन जुन्या मिशनच्या काळातल्या असून मूळ संस्थेशी मतभेद झाल्यामुळे पुढे स्वतंत्र झाल्या. उरलेल्या तीन अलीकडच्या काळात घरगुती प्रार्थनासभांतून वाढल्या. पाचही मंडळ्यांची मिळून कुटुंबे तीनशेच्या आतबाहेर असतील. सार्वजनिक न्यास म्हणून रीतसर नोंदणी फक्त एका मंडळीची आहे. एका मंडळीचे प्रार्थनामंदिर ज्या जागेवर उभे आहे, तिच्या सातबाऱ्यावर अजून जुन्या मिशनचेच नाव आहे; दुसरीच्या सभागृहाचे वीजबिल दिवंगत पाळकांच्या नावाने येते आणि त्यांचे चिरंजीव ते दरमहा निमूटपणे भरतात.

दफनभूमीच्या जागेसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा तहसील कार्यालयात अर्ज घेऊन गेलो की संस्था कोणती आणि नोंदणी क्रमांक काय, हा पहिला प्रश्न येतो आणि तिथेच बोलणे थांबते. म्हणून पाचही मंडळ्यांचे पाळक व पंच एकत्र बसले आणि एक संघ स्थापन करावा, त्याला कायदेशीर मान्यता मिळवावी आणि त्याच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काही काम सुरू करावे, असे सर्वानुमते ठरले. मात्र उपासनेची पद्धत, बाप्तिस्म्याचे वय आणि पाळकांची नेमणूक या बाबतींत प्रत्येक मंडळीची परंपरा वेगळी आहे आणि ती सोडण्यास कोणीही तयार नाही.

अशा संघाला शासनाकडून ‘चर्च’ म्हणून मान्यता मिळते का? संघ झाल्यावर आमच्या जागा संघाच्या मालकीच्या होतात का? आणि धार्मिक काम व समाजसेवा एकाच संस्थेतून चालवता येते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: न्यास_वकील

आपल्या पहिल्या प्रश्नातच एक गैरसमज आहे, तो आधी दूर करतो. एखाद्या पंथाला किंवा मंडळीला ‘चर्च’ म्हणून मान्यता देणारे कोणतेही सरकारी खाते आपल्याकडे नाही. धर्माचरणाचे स्वातंत्र्य संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिले आहे; धार्मिक व धर्मादाय संस्था स्थापन करणे, धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहणे आणि मिळकत धारण करून कायद्यानुसार तिची व्यवस्था ठेवणे हे हक्क २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धार्मिक संप्रदायाला दिले आहेत. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून १९९३ सालीच केंद्राने अधिसूचित केला आहे. त्यामुळे श्रद्धेला कोणाचा शिक्का लागत नाही. शिक्का लागतो तो संस्थेला, म्हणजे बँकेत खाते उघडणाऱ्या, जागा नावावर करून घेणाऱ्या आणि अर्जाखाली सही करणाऱ्या कायदेशीर व्यक्तीला.

महाराष्ट्रात त्यासाठी रुळलेली वाट अशी की १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवायची आणि त्याचबरोबर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास म्हणून नोंदणी करून पीटीआर क्रमांक, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीतला क्रमांक, घ्यायचा. संस्थेसाठी किमान सात व्यक्तींच्या सह्या लागतात. प्रत्येक मंडळीने ठराव करून दोन प्रतिनिधी नेमले, तर आपले दहा जण होतात आणि सगळ्यांना समान स्थान राहते. घटना व नियमावली मात्र झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या छापील नमुन्यावरून उतरवू नये. तिथल्या ‘सर्व मालमत्ता संस्थेच्या नावे राहील’ यासारख्या एका वाक्याने पुढच्या पिढीची कोर्टकचेरी पक्की होते.

आता मिळकतीविषयी. संघ करणे आणि विलीन होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. संघात प्रत्येक मंडळीचे अस्तित्व, तिची जागा, तिची दानपेटी आणि तिचा पाळक तिच्याकडेच राहतो. संघाकडे जाते ते घटनेने नेमून दिलेले काम आणि वर्गणी, एवढेच. विलीनीकरण करायचे झाल्यास नोंदणीकृत संस्थेला १८६० च्या अधिनियमातील कलम १२ प्रमाणे जावे लागते: प्रस्ताव प्रत्येक सभासदाला दहा दिवस आधी पोहोचवायचा, विशेष सभेत तीन पंचमांश मतांनी तो मंजूर करायचा आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने कायम करायचा. त्याशिवाय न्यासांच्या एकत्रीकरणासाठी धर्मादाय आयुक्तांसमोर १९५० च्या अधिनियमातील कलम ५०-अ खाली योजना मंजूर करून घ्यावी लागते.

हे केवळ कागदी सोपस्कार नव्हेत, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या विनोदकुमार मालविया विरुद्ध मगनलाल गामेती या निकालात आहे. गुजरातमधील ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १९७० च्या सुमारास चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन झालेल्या चर्चमध्ये, सामील होण्याचा ठराव केला होता, आणि पुढे तिच्या मिळकती कोणाच्या यावरून दावा उभा राहिला. न्यायालयाने म्हटले की उपासनेपुरते आणि श्रद्धेपुरते एकत्र येणे निराळे. पण संस्थेचे विसर्जन आणि न्यासाच्या मिळकतीचे हस्तांतर कायद्यात सांगितलेल्या मार्गानेच होऊ शकते, नुसत्या ठरावाने नव्हे. ठराव आणि अंतिम निकाल यांत चार दशकांचे अंतर पडले, हे ध्यानात घ्यावे.

उत्तर: जुना_पंच

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. तिला मी थोडा इतिहास जोडतो आणि एका मुद्द्यावर असहमतीही नोंदवतो.

आपल्या मुलुखात मंडळ्यांनी एकत्र येणे नवीन नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या नावाखाली एक झाल्या. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. त्या सहांमध्ये बिशप मानणारे होते आणि न मानणारेही होते, बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि केवळ प्रौढांना देणारेही होते, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य करूनच ते एकत्र आले. वाटाघाटी चार दशकांहून अधिक काळ चालल्या होत्या. मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया तर अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडली. तेव्हा आपल्या पाच मंडळ्यांची परंपरा वेगवेगळी आहे, याचे दडपण घेण्याचे कारण नाही.

असहमती अशी की संघ फार सैल ठेवला तर तो लेटरहेडपुरताच उरतो. ज्या संघाकडे वर्गणी थकल्यावर विचारण्याचाही अधिकार नाही, त्याच्या अध्यक्षपदासाठी मात्र चुरस होते, हे आपल्या समाजात आपण सर्वांनी पाहिले आहे. मिळकत प्रत्येकाची आपापली राहू द्यावी, त्यात माझे दुमत नाही. परंतु प्रत्येक मंडळीच्या हिशेबाचे वार्षिक ऑडिट संघासमोर ठेवणे, पाळकाविरुद्ध तक्रार आल्यास तिची चौकशी दुसऱ्या मंडळ्यांच्या पंचांनी करणे आणि पदाधिकाऱ्यांनी दोनपेक्षा अधिक मुदती न घेणे, या तीन अटी घटनेत असाव्यात. एकाच घरातील दोन व्यक्ती एका वेळी पदाधिकारी नसाव्यात, असेही मी सुचवीन. काहींना ते कडू लागेल.

नोंदणीखेरीज व्यापक ख्रिस्ती समाजाशी संबंध हवा असेल, तर नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया आहे. तिचा आरंभ १९१४ चा. स्वतंत्र इव्हँजेलिकल (सुवार्ताप्रचारावर भर देणाऱ्या) मंडळ्यांना १९५१ मध्ये स्थापन झालेली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया अधिक जवळची वाटू शकते. मात्र अशा परिषदेचे सदस्यत्व आणि सरकारी नोंदणी यांची गल्लत करू नये. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: मंडळी_सचिव

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन अटींपैकी चौकशीची अट आमच्याकडे वादाची ठरेल, पण ती बैठकीपुढे मांडतो. आणखी एक शंका आहे. आमच्या पाच पाळकांपैकी दोघेच विवाह लावतात; इतर तिघांकडे जोडपी आली की त्यांना बाहेरगावी पाठवावे लागते. संघाची नोंदणी झाल्यावर संघाचे सर्व पाळक विवाह लावू शकतील का?

उत्तर: न्यास_वकील

नाही, आणि या बाबतीत कृपया कोणीही धाडस करू नये. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम अजून लागू आहे आणि विवाह कोणी लावावा हे त्याच्या कलम ५ मध्ये ठरवून दिले आहे. बिशपकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू आपापल्या चर्चच्या नियमांप्रमाणे विवाह लावू शकतात. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला मात्र राज्य शासनाकडून कलम ६ खाली परवाना घ्यावा लागतो. हा परवाना व्यक्तीला नावाने मिळतो. तो मंडळीला किंवा संघाला मिळत नाही, त्यामुळे पाळक बदलला की नव्या पाळकाला नवा अर्ज करावा लागतो. अधिकार नसताना विवाह लावल्यास कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, आणि ही तरतूद अनेक पाळकांच्या गावीही नसते.

संघाचा उपयोग इथे वेगळ्या प्रकारे होतो. एकट्या पाळकाच्या अर्जापेक्षा नोंदणीकृत संघाचे शिफारसपत्र, दीक्षेचे प्रमाणपत्र आणि मंडळीच्या सभासदांची यादी जोडलेला अर्ज अधिक विश्वासार्ह ठरतो. ज्या दोघांकडून आज विवाह लावले जातात, त्यांचे परवाने प्रत्यक्ष पाहून त्यांच्या प्रती संघाच्या दप्तरी ठेवाव्यात. विवाह नोंदवहीतील वधू-वरांच्या, दोन साक्षीदारांच्या आणि विवाह लावणाऱ्याच्या सह्या पूर्ण आहेत की नाहीत, हेही पाहावे. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या वेळी हीच वही उघडावी लागते.

उत्तर: हिशेबनीस

मी अनेक धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. धार्मिक काम आणि समाजसेवा एकाच संस्थेतून करण्यास बंदी नाही, पण आयकराच्या दृष्टीने ते गैरसोयीचे आहे. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ८०-जी म्हणतात, ते मुख्यत्वे धार्मिक असलेल्या किंवा एकाच धर्माच्या लोकांच्या हितासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. पाळकांचे मानधन, प्रभुभोजनाचा खर्च आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वह्या एकाच रोजकीर्दीत आल्या, तर आपण स्वतःचीच अडचण करून घेता. म्हणून संघ धार्मिक न्यास म्हणून नोंदवावा आणि सेवाकार्यासाठी दुसरा स्वतंत्र न्यास करावा. त्याच्या उद्देशांत जात, धर्म, लिंग यांचा भेद न करता सेवा असे स्पष्ट लिहावे आणि प्रत्यक्षातही तसेच वागावे. ऊसतोड कामगारांची मुले बहुतेक ख्रिस्ती नसणारच. सेवेच्या जागी धर्मप्रचाराची पत्रके ठेवली, तर आयकर अधिकाऱ्याआधी गावच शंका घेईल, आणि ती शंका रास्त असेल.

परदेशी देणगीची आशा धरून काहीही आखू नये. परदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्याचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच उघडावे लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली आहे. म्हणजे संघाने पैसे आणायचे आणि पाच मंडळ्यांत वाटायचे, ही कल्पना कायद्यातच बसत नाही.

कामाचा आवाका सुरुवातीला लहान ठेवावा. मुलांना निवासी ठेवण्याचा विचार असल्यास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे बंधन पाहावे लागेल, कारण काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणारी संस्था नोंदवणे सक्तीचे आहे. त्यापेक्षा गळीत हंगामात कारखान्याच्या तळाजवळ संध्याकाळची अभ्यासिका चालवणे पाच मंडळ्यांना झेपेल. एका मंडळीने शिक्षक द्यावेत, दुसरीने खाऊ, तिसरीने कंदील किंवा सौरदिवे, असा वाटा ठरला की संघाला बैठकींपलीकडे अस्तित्व येते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आज अनेक चर्चांच्या प्रतिनिधींनी मिळून चालवले जाते, पण १९०० साली आयडा स्कडर यांनी सुरुवात केली ती एका खाटेच्या दवाखान्याने.

उत्तर: न्यास_वकील

हिशेबनीस यांच्या दोन न्यासांच्या सूचनेशी मी सहमत आहे. सचिवांनी कामाचा क्रम असा ठेवावा, असे सुचवतो. जी मंडळी आधीच नोंदलेली आहे, तिच्या अनुसूची १ चा, म्हणजे न्यासाच्या विश्वस्तांची व मिळकतीची नोंद असलेल्या दप्तराचा, उतारा धर्मादाय कार्यालयातून काढून पाहावा. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत १९५० च्या अधिनियमातील कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो आणि बहुतेक मंडळ्यांनी तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. परिणामी दप्तरी मृत व्यक्ती विश्वस्त राहतात आणि बँक नव्यांची सही घेत नाही. हे थकलेले अर्ज आधी मार्गी लावावेत. उरलेल्या चार मंडळ्यांनी स्वतःची नोंदणी करून घ्यावी आणि त्यानंतर पाचही मंडळ्यांच्या ठरावांनी संघ उभा करावा. सातबाऱ्यावर मिशनचे नाव असलेल्या जागेबाबत संघाच्या कागदपत्रांत एक शब्दही लिहू नये; तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी जुने करार, करपावत्या व वहिवाटीचे पुरावे घेऊन दिवाणी कामाच्या वकिलाकडे जावे. तोवर त्या जागेचा कोणताही भाग विकू नये किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देऊ नये. न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास, तसेच इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास त्याच अधिनियमातील कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

दफनभूमीचा अर्ज मात्र थांबवू नका. नोंदणी असलेल्या मंडळीच्या नावाने, इतर चार मंडळ्यांची संमतीपत्रे आणि कुटुंबांची यादी जोडून तो आजच देता येईल. संघाची नोंदणी पूर्ण झाल्यावर तीच मागणी संघाच्या ठरावाने पुढे चालवता येते. अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये.